अलीकडची पुस्तकं, सिनेमे आणि व्हिडिओ गेम यांत तुम्हाला मनापासून काय आवडलं, काय नाही?

पुस्तक, सिनेमा, गेम असं तिन्ही तुम्ही एकत्र विचारलंत ते बरं झालं, कारण माझ्या मनात ती तिन्ही एकमेकांना चिकटलेली आहेत. मी खानदेशातल्या अमळनेरचा, घरची बोली अहिराणी. पहिलं नाव गेमचं घेतो.

'वेंबा' हा गेम 2023 मध्ये आला. टोरांटोच्या एका छोट्या चमूने केलेला. 1980 च्या दशकात तमिळनाडूतून कॅनडाला गेलेलं जोडपं, तिथे वाढणारा मुलगा कविन आणि आईने सोबत नेलेली पाककृतींची वही. वहीची पानं फाटलेली, शाई पुसलेली. राहिलेलं आपण अंदाजाने जुळवायचं आणि पदार्थ करायचा, एवढाच खेळ. सुरुवात इडलीपात्राच्या ताटल्या नीट रचण्यापासून. पुढे मुलगा शाळेत जाऊ लागतो, स्वतःला केविन म्हणवतो. आई तमिळमध्ये बोलते, त्याचं उत्तर इंग्रजीत येतं.

तिथे मला पुढे खेळवेना. आमच्या घरी मी दारात पाऊल ठेवलं की आई विचारते, "कव्हय उना रे बेटा?" आणि मी म्हणतो, "आत्ताच आलो." पस्तीस वर्षं हेच चाललंय. शाळेत कुणी इथे-तिथेला 'आठे', 'तठे' म्हटलं की वर्ग हसायचा, गुरुजीही हसायचे. मी ते शब्द तोंडातून काढून टाकले आणि पुन्हा कधी आणले नाहीत. याचं मला वाईट वाटतं, हे कळायला एका तमिळ घराची गोष्ट लागली.

गेल्या आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, बहीण माहेरी आली होती. भाचीने लॅपटॉपवर 'वेंबा' लावला तशी आई शेजारी येऊन बसली. "ही बाई काय रांधी ऱ्हायनी?" भाचीने सांगितलं, इडली करतेय, पण वहीचं पान फाटलंय. आई बराच वेळ बघत राहिली. दुसऱ्या दिवशी मांडे होते. चुलीवर उपडं खापर तापलेलं, आईच्या दोन्ही हातांवर मांडा कोपरापर्यंत पसरत चाललेला, इतका पातळ की आतलं पुरण बाहेरून पिवळं दिसत होतं. भाची मोबाइलमध्ये सगळं टिपून घेत होती. आजी, पिठात पाणी किती? "पीठ मांगी तितलं." पोरीने ते अगदी तसंच लिहिलं, एक अक्षरही मराठीत न फिरवता. मी मागून वाचलं आणि काही बोललो नाही.

तक्रार एकच. गेम दीड-दोन तासांत संपतो, वर्षं भराभर उलटतात आणि बापाच्या वाट्याला फार कमी येतं. नोकरीसाठी वणवणणारा तो माणूस मला आणखी बघायचा होता.

सिनेमांत 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव'. 2025 च्या फेब्रुवारीत थिएटरला लागला. दिग्दर्शन रीमा कागती यांचं, लेखन वरुण ग्रोवर यांचं. मालेगाव जिल्ह्याने नाशिकचं, पण आम्हाला परकं नाही. धुळ्याहून आग्रा रोडने तासाभराचं अंतर, आणि बाजारात अहिराणी कानावर पडतेच. व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी तिथल्याच माणसांना घेऊन, पन्नासेक हजारांत 'मालेगाव के शोले' उभा केला, त्याची ही गोष्ट. विनीत कुमार सिंगने केलेला लेखक फरोग मला सगळ्यांत खरा वाटला. आपण लिहिलेलं कुणी मनावर घेत नाही, ही सल त्याच्या नुसत्या बसण्यातून कळते. पण भाषा मला फार धुतलेली वाटली. यंत्रमागावर काम करणाऱ्या माणसाच्या उर्दूत मराठी मिसळलेली असते, ती इथे जवळजवळ गायब आहे. म्हणून माझा आग्रह आहे की 2008 चा फैझा अहमद खान यांचा 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट आधी बघा. सायकलवर बसवलेला कॅमेरा, क्रेन म्हणून वापरलेली बैलगाडी, सगळं त्यात प्रत्यक्ष आहे. आणि शफीक! दिवसा मागावर राबणारा हा काटकुळा माणूस सुपरमॅन होतो. कर्करोगाने तो लवकर गेला हे माहीत असूनही त्याचं हसणं बघताना आपणही हसतो.

आमच्याकडच्या टॉकीजला 'सुपरबॉइज' आठवडाभरही राहिला नाही. मी गेलो तेव्हा आम्ही चौदा-पंधरा माणसं होतो. आपल्या शेजारच्या गावावरचा सिनेमा आपणच बघितला नाही, याचा मला अजून राग आहे.

पुस्तक एकच सांगतो. फेब्रुवारी 2024 मध्ये आमच्या अमळनेरात 97 वं साहित्य संमेलन भरलं, तिथल्या स्टॉलवरून कृष्णात खोत यांचं 'रिंगाण' घेतलं. 2023 चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला नुकताच जाहीर झाला होता. धरणामुळे उठलेलं गाव आणि मागे राहिलेली जनावरं, असा विषय. बोली कोल्हापूरकडची, सुरुवातीला मला अडखळत वाचावी लागली, मग कान लागला. सरदार सरोवर धरणात आपल्या नंदुरबार जिल्ह्यातली 33 गावं बाधित झाली. त्यांच्याविषयी वाचताना आपण हेक्टर आणि कुटुंबसंख्या वाचतो. गोठ्यातल्या म्हशीचं पुढे काय झालं, हा प्रश्न मला 'रिंगाण'ने पहिल्यांदा विचारायला लावला.

'साबर बोंडं'ही जरूर बघा. सनडान्स चित्रपट महोत्सवात 2025 चा मोठा पुरस्कार मिळालेला हा मराठी सिनेमा फार हळुवार आहे, त्यातली आई विशेष.

निराशा झाली ती 'राजी'मुळे. पुण्यात तयार झालेला 2020 चा गेम, चित्रं डोळ्यांचं पारणं फेडणारी, पण मारामारी पुढे पुढे तीच ती वाटते आणि शेवट अधांतरी सोडलाय.

एकच निवडायचं असेल तर 'वेंबा' घ्या, आणि घरातल्या थोरल्या बाईला शेजारी बसवून खेळा. ताटल्या पहिल्यांदा चुकल्या तरी हरकत नाही, गेम त्या पुन्हा रचू देतो.