अमेरिकेतली खासगी फाउंडेशन्स तुरुंग-सुधारणेला पैसे देतात, त्याचा आरोग्याशी काय संबंध?

थेट संबंध आहे. मेडिकेड हा गरिबांचा सरकारी आरोग्यविमा माणूस आत गेला की जवळजवळ बंदच पडतो. बाहेरच्या रुग्णालयात दाखल केलं तरच त्याचा खर्च मिळतो. सुटल्यावरही तो बऱ्याचदा लगेच सुरू होत नाही; मधुमेहाच्या गोळ्या संपतात, पुढे दाखवायचं कुणाला?

मॅकआर्थर फाउंडेशनने २०१५ मध्ये ७.५ कोटी डॉलर काढले, ते स्थानिक तुरुंगांतली गर्दी कमी करायला. तिथले बरेच जण जामिनाचे पैसे नाहीत म्हणूनच अडकलेले असतात. कलासंग्राहक ॲग्नेस गुंड यांनी तर २०१७ मध्ये चित्रकार रॉय लिक्टनस्टाइनचं चित्र विकून आलेल्या पैशातले १० कोटी डॉलर या कामाला दिले. (भिंतीवरच्या चित्राचा याहून चांगला उपयोग मला तरी सुचत नाही.)

सगळंच दातृत्व समजू नका, करसवलतीच्या बदल्यात मालमत्तेच्या साधारण ५ टक्के रक्कम दरवर्षी वाटणं या फाउंडेशन्सना कायद्यानेच भाग आहे.