वाचकांचे प्रश्न : टेक्सासमधली गाडीतपासणी

प्रश्न : आम्ही ह्यूस्टनजवळ फोर्ट बेंड काउंटीत राहतो. 2016 ची पेट्रोल गाडी आहे. तपासणी बंद झाली म्हणतात, मग नोंदणीआधी काहीच करायचं नाही का?

उत्तर : धुराची चाचणी करावीच लागेल. 1 जानेवारी 2025 पासून खासगी गाड्यांची फक्त सुरक्षा तपासणी बंद झाली. तिचे 7.50 डॉलर मात्र नोंदणीच्या बिलात लागतात. फोर्ट बेंडसह काही काउंट्यांत 2 ते 24 वर्षं वयाच्या पेट्रोल गाड्यांना दरवर्षी धूरचाचणी सक्तीची आहे.

तुमच्या गाडीला ती स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटमधून (गाडीच्या संगणकाला तपासणीचं यंत्र जोडायची जागा) होते. गाडी अडते ती इथेच. चेक इंजिनचा दिवा घालवायला संगणकात नोंदलेला बिघाडाचा कोड पुसला किंवा बॅटरी काढून बसवली, की गाडीच्या संगणकातल्या स्वयंचाचण्या पुन्हा शून्यावर जातात आणि ‘नॉट रेडी’ दिसतं. एक स्वयंचाचणी अपूर्ण असली तर चालते, दोन असल्या की नापास. म्हणून आधी मूळ दोष काढा, टाकी अर्धी ठेवा आणि आठवडाभर गावात व हायवेवर मिळून गाडी चालवा. सकाळी गार इंजिनानेच सुरुवात करा.

सुरक्षेची जबाबदारी आता पूर्ण तुमच्यावर आहे, आणि मला हीच काळजी वाटते. टायरच्या खाचेत एक सेंटचं नाणं लिंकनचं डोकं खाली करून घाला. डोकं पूर्ण दिसलं तर खाच 1.6 मिलिमीटरहून कमी उरली. टायर लगेच बदला. ब्रेक पॅड 3 मिलिमीटरवर आले की ते बदलायला थांबू नका. बंद ब्रेकलाइटवर पोलीस आजही दंड करतात.