पाचवीच्या मुलांना लाख-कोटीची स्थानिक किंमत कशी शिकवावी? एखादा प्रकल्प सुचवा.

आलेख कागद वापरा. आमच्याकडे मुलं 'तीन लाख पाच' सर्रास ३०००००५ असं लिहायची, म्हणजे थेट तीस लाख पाच! तक्ता पाठ होता. लाख केवढा असतो ते कुणी पाहिलंच नव्हतं.

१० सेंमी × १० सेंमीचा आलेखाचा तुकडा कापायचा. त्यात मिलिमीटरची बरोबर १०,००० घरं. एक आडवी ओळ म्हणजे शतक, अशा दहा ओळी म्हणजे हजार, अख्खा तुकडा दशहजार. दहा तुकडे चिकटवले की लाख, आणि कोटीला हजार तुकडे लागतात: ५ मीटर लांब, २ मीटर उंच भिंत! (कोटी चिकटवत बसू नका, भिंतीवर खडूनं आखा.)

मग खरी संख्या द्या. २०११च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या १४,५८,५४५ होती. गटागटानं तेवढी घरं रंगवायची. १४५ तुकडे पूर्ण, आणि शेवटच्या तुकड्यात ८५ ओळी नि वर ४५ घरं. इथे मुलं भांडतात, कारण १४,५८,५४५ मध्ये ५ तीनदा येतो: एक पाच म्हणजे पाच अख्खे तुकडे, दुसरा पाच ओळी, तिसरा नुसती पाच घरं. दर्शनी किंमत तीच, स्थानिक किंमत वेगळी, हे मग फळ्यावर सांगावं लागत नाही.

स्वल्पविराम मात्र पहिल्या दिवसापासून घालायला लावा. थर्माकोलचे शोभेचे तक्ते नकोत, ते पालकच करतात.