शिंगाच्या फांद्या मोजून हरणाचं वय कळतं का?

नाही. शिकाऱ्यांमधला हा सगळ्यात चिवट गैरसमज. ही शिंगं दरवर्षी गळून नव्यानं येतात. फांद्या किती फुटणार हे वयाइतकंच चारा आणि आनुवंशिकतेवर असतं, म्हातारपणी तर त्या कमीही होतात.

वय बघायचं तर खालचा जबडा बघा. उत्तर अमेरिकेतल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणाची पुढून तिसरी दाढ तीन उंचवट्यांची असेल, तर ती दुधाची. जनावर साधारण दीड वर्षाच्या आतलं. तिच्या जागी दोन उंचवट्यांची दाढ आली की पुढचा अंदाज झिजेवरून, आणि तो एखाद्या वर्षानं सहज चुकतो.

शिकाऱ्यांच्या भगव्या जाकिटाला हरीण बुजतं, हेही खोटं. त्याला भगवा मळकटच दिसतो, निळा मात्र स्पष्ट. नडते ती निळी जीन्स. हालचाल आणि वास तर त्याहून जास्त.