वाचकांचे प्रश्न : मीटिंग रूमचं दगडी टेबल

प्रश्न : ऑफिसच्या नवीन मीटिंग रूममध्ये चौदा जण बसतील असं दगडी टेबल करायचंय. साहेबांना पांढरा मार्बल हवाय, काँट्रॅक्टर म्हणतो ग्रॅनाईट घ्या, शोरूमवाला क्वार्ट्झ घ्या म्हणून मागे लागलाय. ठरवायचं कशावरून?

उत्तर : रंग जरा बाजूला ठेवा आणि त्या टेबलावर रोज काय सांडणार, काय घासलं जाणार ते आधी बघा. मार्बल म्हणजे मुख्यतः कॅल्साइट नावाचं खनिज, त्याला लिंबू, कोल्ड्रिंक, व्हिनेगर असलं काहीही आंबट लागलं की वरचा पातळ थर विरघळतो आणि तेवढ्या जागेची चमक जाते. शिवाय तो मऊ, मोहस् स्केलवर (खनिजांचा कडकपणा मोजायची १ ते १० ची पट्टी) कॅल्साइट ३ वर आणि ग्रॅनाईटमधली खनिजं, फेल्डस्पार ६, क्वार्ट्झ ७, आणि धुळीतले वाळूचे कण हे बऱ्याचदा क्वार्ट्झचेच असतात, म्हणजे लॅपटॉपखाली एखादा कण अडकला आणि कोणी तो सरकवला की मार्बलवर रेघ उठलीच, ग्रॅनाईट सहसा दाद देत नाही. रोज माणसं बसणाऱ्या टेबलाला मी तरी ग्रॅनाईटच सांगेन. साहेबांना पांढरंच हवं असेल तर फिकट ग्रॅनाईट बघा, आणि मार्बलच घ्यायचा ठरला तर पॉलिशचा न घेता होन्ड म्हणजे मॅट फिनिशचा घ्या, कारण चट्टे पडले तरी मॅटवर ते कमी दिसतात.

शोरूमवाल्याचा क्वार्ट्झ वाईट नाही. तो वरच्यासारखं नुसतं खनिज नाही, दगडाचा चुरा आणि रेझिन (प्लॅस्टिकसारखा चिकट पदार्थ) मिळून कारखान्यात बनतो, डाग सहज धरत नाही, सिलर (डाग लवकर मुरू नये म्हणून दगडावर मारायचं लिक्विड) लागत नाही. पण रेझिनमुळे गरम भांड्याचा डाग कायमचा बसू शकतो, आणि काचेतून थेट ऊन येत असेल तर काही वर्षांनी पिवळसर पडायची भीती असते, त्यामुळे खिडकीलगतच्या मीटिंग रूमला तो नको.

फिनिशबद्दल अजून एक, याचा विचार फार कमी लोक करतात. मिरर पॉलिशमध्ये छतावरचे सगळे लाइट दिसतात, व्हिडिओ कॉलला ते डोळ्यात खुपतात, आणि काळ्या पॉलिशवर तर प्रत्येक बोटाचा ठसा दिसतो. सॅम्पलचा मोठा तुकडा मागून घ्या, तुमच्याच लाइटखाली ठेवून बघा, त्यावर लिंबाचा रस पाच-दहा मिनिटं ठेवून पुसा. चमक गेली तर समजायचं की दगडात कॅल्साइट आहे, मग बिलावर नाव काहीही असो. काळा दगड असेल तर पांढऱ्या कापडावर थोडं अॅसिटोन घेऊन घासा, कापडाला काळं लागलं तर तो रंगवलेला दगड आहे, घेऊ नका.

प्रश्न : टेबल किती जड होईल? पाय लाकडी चालतील का?

उत्तर : ग्रॅनाईट काय आणि मार्बल काय, घनमीटरला साधारण २७०० किलो भरतात. चौदा जणांना अंदाजे ४.२ मीटर लांब, १.२ मीटर रुंद टॉप लागतो, म्हणजे २० मिलिमीटर जाडीत २७० किलोच्या आसपास आणि ३० मिलिमीटरमध्ये चारशेच्या वर. हे फक्त टॉपचं, फ्रेम वेगळी. म्हणून मजला आणि लिफ्ट दोन्हीबद्दल ऑर्डरच्या आधीच इंजिनियरला विचारा. पाय लाकडी दिसले तरी हरकत नाही पण आत वेल्डिंगची लोखंडी फ्रेम पाहिजेच, कारण दगड दाब मस्त सोसतो पण वाकवलं की तुटतो, आणि म्हणूनच स्लॅब उभा नेतात, आडवा उचलला तर स्वतःच्याच वजनाने मधोमध तडकू शकतो.

एवढ्या लांबीचा एकच स्लॅब सहसा मिळत नाही, बहुतेक तीन मीटरच्या आसपास असतात, तेव्हा जोड येणार हे धरूनच चला. जोड फ्रेमच्या पट्टीवर आला पाहिजे, अधांतरी नको. आणि कापायच्या आधी दोन्ही स्लॅब शेजारी ठेवून रेषा जुळतायत का ते स्वतः जाऊन बघा, फोटोवर विसंबू नका प्लीज.

वायरिंगसाठी खाच करायची असेल तर फॅक्टरीतच करून घ्या, आतले कोपरे गोल ठेवायला सांगा. काटकोनी कोपऱ्यावर ताण एकवटतो आणि तडा तिथूनच सुरू होतो.

प्रश्न : आमच्या मार्बल टेबलावर ग्लासच्या बुडाएवढे पांढरे गोल उमटलेत. सिलर मारला होता तरी असं का? आणि एका कोपऱ्यात तेलाचा काळपट डाग आहे, तोही जात नाही.

उत्तर : या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि उपायही वेगळे, म्हणून आधी ओळखायला शिका. लाइटच्या बाजूने खाली वाकून तिरकं बघा. रंग तोच पण चमक गेलीय, तर तो आंबटाने खाल्लेला चट्टा. चमक आहे पण दगड गडद झालाय, तर काहीतरी आत मुरलंय, तो डाग. सिलर छिद्रांमध्ये बसतो आणि डाग मुरायला वेळ लावतो, वरच्या कॅल्साइटला तो वाचवत नाही, त्यामुळे गोल उमटले यात सिलरची चूक नाही. हलका चट्टा मार्बल पॉलिशिंग पावडरने ओल्या कापडाने घासून जातो. नखाला खडबडीत लागत असेल तर पॉलिशवाल्याला बोलवा, डायमंड पॅड फिरवावं लागेल.

तेलासाठी खाण्याचा सोडा आणि पाणी कालवून दाट लेप करा, डागावर अर्धा सेंटिमीटर जाड लावा, वर प्लॅस्टिक टेपने चिकटवून एक दिवस ठेवा, मग प्लॅस्टिक काढून लेप पूर्ण सुकू द्या. सुकताना तो तेल वर ओढतो, म्हणून ओलाच खरवडू नका. एकदा करून सगळं जाणार नाही, परत परत करावं लागतं, धीर धरा. कॉफीचा डाग असेल तर पाण्याऐवजी हायड्रोजन पेरॉक्साइड, पण फक्त फिकट दगडावर, गडद दगडाचा रंग उडू शकतो.

प्रश्न : रोज पुसायला काय वापरायचं? सिलर कधी मारायचा?

उत्तर : मऊ मायक्रोफायबर, कोमट पाणी, दोन थेंब न्यूट्रल लिक्विड सोप, मग साध्या पाण्याने पुसून कोरडं. अॅसिडवालं बाथरूम क्लीनर कोणत्याच दगडावर नको, आणि गंज काढायच्या काही लिक्विडमध्ये हायड्रोफ्लोरिक अॅसिड असतं, ते ग्रॅनाईटसुद्धा खातं. सफाईवाल्या ताई-दादांना हे नीट समजावून सांगा आणि दगडासाठी वेगळी बाटली द्या. सिलरसाठी पाण्याचे थेंब टाकून दहा-पंधरा मिनिटं थांबा, खालचा दगड गडद झाला तर वेळ आली, नाही झाला तर उगाच मारू नका. मारल्यावर जास्तीचा सुकायच्या आत पुसून घ्या, नाहीतर धुरकट थर बसतो.