'नामदेवराव पाटील वानखडे' : यात आडनाव कोणते?

प्रश्न असा आहे : दर्यापूर तालुक्यातल्या आजोबांच्या तेरवीच्या जाहिरातीत नाव नुसते 'नामदेवराव पाटील'. वडिलांच्या लग्नाच्या निमंत्रणात तेच 'नामदेवराव पाटील वानखडे', आणि आत्याच्या लग्नात 'वानखेडे'. मग घराण्याचे आडनाव कोणते धरायचे?

वानखडे. मधला 'पाटील' हा हुद्दा. नाव, मग पाटील, मग आडनाव ही वऱ्हाडातली नेहमीची बांधणी. गाव ज्याला पाटील म्हणूनच हाक मारायचे, त्याच्या तेरवीचा मजकूर लिहून देणाऱ्याला पुढचे आडनाव घालायची गरज वाटली नसणार. १९६२ च्या कायद्याने महसुली पाटलाचे पद गेले, पण गावाच्या तोंडचा 'पाटील' काही गेला नाही. देशमुखांचे मात्र निराळे झाले. तिथे हुद्द्याने मूळ आडनाव गिळलेच, डॉ. पंजाबराव देशमुखांचे घराणे मूळचे कदम.

वानखडे की वानखेडे, यावर डोके शिणवू नका. मात्रेवरून घराणे वेगळे ठरत नाही. शोधताना दोन्ही रूपे पाहा.

लग्नाची जाहिरात दिसायला भरगच्च, 'हेच अगत्याचे निमंत्रण समजावे' वगैरे. पण तिच्यातून हाती लागतात ती दोनच घरे, वराचे आणि वधूचे. निधनाची खरी कामाची. 'त्यांच्या पश्चात' पासून पुढची ओळ सावकाश वाचा : मुली, जावई, नातवंडे. जावयाचे आडनाव आणि गाव दिले असेल, तर तुमची आत्या कुठे दिली हे तिथेच कळते, आणि त्या गावची माणसे तुमच्या घराण्याबद्दल तुमच्यापेक्षा जास्त सांगतात. 'रा.' आणि 'ह. मु.' यांत गल्लत नको. ह. मु. म्हणजे हल्ली मुक्काम, 'रा. दर्यापूर, ह. मु. यवतमाळ' असेल तर मुळे दर्यापुरात शोधायची, यवतमाळात नव्हे.

जाहिरातीत इंग्रजी तारीख नसून 'वैशाख शु. ५, शके १८८०' असे असेल तर ७८ मिळवा, १९५८ साल येते. पौषाच्या उत्तरार्धापासून फाल्गुनापर्यंतच्या तिथीला बहुधा ७९ मिळवावे लागतात. नुसती तेरवीचीच तारीख असेल तर बारा दिवस मागे मोजा, म्हणजे निधनाचा दिवस साधारण हाती येतो. क्वचित सोयीसाठी तेरवी अलीकडे-पलीकडे केलेली असते, तेवढी सूट ठेवा.

ही तारीख घेऊन तहसिलीत जा आणि त्या गावाच्या कोतवाल बुकाची, म्हणजे जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदवहीची, नक्कल मागा. जातपडताळणीसाठी लोक याच बुकाच्या मागे असतात, त्यामुळे तिथल्या बाबूला नवल वाटणार नाही. मात्र तिथे 'वानखडे' शोधत बसू नका. जुन्या नोंदीत पुष्कळदा आडनावच नसते. 'नामा वल्द तुकाराम' (म्हणजे तुकारामचा मुलगा नामा), पुढे जात, एवढेच. म्हणून जाण्याआधी पणजोबांचे नाव घरातल्या म्हाताऱ्या माणसाकडून पक्के करून घ्या, आणि नामदेव, नामा, नाम्या ही तिन्ही रूपे पाहा.