न्यू जर्सीत घर वाढवताना व्हेरियन्स मागायचा असेल तर

व्हेरियन्स म्हणजे झोनिंगच्या, म्हणजे जमीन-बांधकामाच्या स्थानिक नियमांतून मिळणारी सूट. आधी हे नियम पाहणाऱ्या झोनिंग ऑफिसरचं नकारपत्र नीट वाचा. बाजूची मोकळी जागा 10 फूट हवी आणि तुमची नवी भिंत 7.5 फुटांवर येत असेल, तर तो एक व्हेरियन्स. ड्राइव्हवे, पॅटिओ धरून जमिनीवरचं एकूण आच्छादन मर्यादेबाहेर जात असेल, तर तो दुसरा. नेमका हाच राहून जातो, आणि निर्णय देणाऱ्या स्थानिक बोर्डापुढच्या सुनावणीत निघाला की शेजाऱ्यांना द्यायची नोटीस पुन्हा काढायची वेळ येऊ शकते.

“कुटुंब वाढलंय, खोली हवी” हे कारण चालत नाही. ‘सी’ प्रकारात, म्हणजे वरच्यासारख्या मापांच्या व्हेरियन्समध्ये, अडचण जमिनीची असावी लागते: प्लॉट अरुंद, तिरका, उताराचा. नाहीतर फायदा तोट्यापेक्षा ठळकपणे जास्त आहे, हे दाखवायचं. जागेचा वापरच बदलायचा असेल तर ‘डी’ प्रकार. त्याला बोर्डाची 5 होकारार्थी मतं लागतात, तिथे वकील आणि प्लॅनर (नगररचना तज्ज्ञ) घ्याच.

खरा घोळ होतो तो नोटिशीत. तुमच्या प्लॉटपासून 200 फुटांच्या आतल्या प्रत्येक मालकाला सुनावणीच्या किमान 10 दिवस आधी नोटीस हवी, सर्टिफाइड मेलने किंवा हातोहात. यादी स्वतः बनवू नका. टाउनशिपकडून प्रमाणित यादी घ्या. 200 फूट शेजारच्या टाउनशिपमध्ये पोचत असतील तर तिथलीही. नोटीस सदोष ठरली, तर बोर्डाला प्रकरण ऐकण्याचा अधिकारच उरत नाही. पोस्टाच्या पावत्या जपून ठेवा, नोटीस दिल्याच्या शपथपत्राला जोडायला लागतात.

आणि नोटीस पोचण्याआधी लगतच्या शेजाऱ्यांना नकाशा घरी जाऊन दाखवा. त्यांची हरकत खिडकीबद्दल किंवा पाण्याच्या निचऱ्याबद्दल असेल, तर आराखडा तेव्हाच बदलता येतो.